बेलमधला कापूस

११ फेब्रुवारी

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं यातच सकाळ गेली. आपण दोघांनी आयुष्यभर एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या, आणि चिठ्ठीला मायना नसतो. ‘दूध तापवलंय.’ ‘डबा ओट्यावर.’ ‘नळवाला येऊन गेला, तुम्हाला उठवलं नाही.’ मी रात्रपाळी करून येऊन झोपायचो तेव्हा तू जागी, आणि तू झोपायचीस तेव्हा मी भट्टीसमोर. चिठ्ठ्या नसत्या तर आपला संसार एक पाऊल पुढे सरकला नसता. तेव्हा ही जरा लांबलेली चिठ्ठी समज.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘बोला’ म्हणतेस आणि माझी वाचा बसते. मग आपण नातीच्या दातांवर बोलतो आणि फोन ठेवतो.

बातमी अशी की भट्टी विझवली. काचेची भट्टी विझवत नसतात, हे तुला मी इतक्यांदा ऐकवलंय की तू माझ्याआधी वाक्य पूर्ण करायचीस. पण एका बाजूची भिंत आतून झिजली होती आणि विटांच्या फटीतून काचेचा रस बाहेर आला. कुणाला इजा झाली नाही. मलाही नाही. सगळा रस काढून टाकला, आता विटा नव्याने रचणार, आणि ते होईपर्यंत आम्ही सगळे घरी. साहेब म्हणाले, “आराम करा.” जसा काही मला तो येतो.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं माझं झालं. दोन दिवस घरातच येरझाऱ्या घातल्या. मग तुझ्या सज्जाकडे मोर्चा वळवला. तू नातीच्या जन्माला गेलीस तेव्हापासून झाडांना पाणी घालायला खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई येत होत्या. तोंडात सदा टाचण्या धरून बोलतात म्हणून मी त्यांना टाचणीबाई म्हणतो. त्यांच्यासमोर नाही. त्यांनी झारी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आता तुम्ही आहात घरी, तर तुम्हीच बघा. माझे गुडघे जिन्याला कंटाळलेत.”

मी बघतोय. एक-दोन कुंड्यांबद्दल पुढे कधीतरी लिहीन. अति तेथे माती म्हणतात, ती माती खाली टाचणीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेली एवढंच आज सांगतो.

तुझी पुस्तकंही वाचायला काढली आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवरून सुरुवात केली. यायची घाई करू नकोस. नातीला तुझी गरज आहे. इथे सगळं ठीक आहे.

२६ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. इनमिन चार ओळी, त्यातल्या दोन जास्वंदीच्या. माझ्या तब्येतीवर एक. तरी जास्वंदीचा नंबर माझ्याआधी लागला हे मी पाहून ठेवलंय.

तू लिहिलंस तसं करतो. आधी मातीत बोट घालतो, ओल लागली तर झारीला हात लावत नाही. हे मला फार आवडलं. भट्टीचंही असंच असतं. येता-जाता हात लावायचा नाही, नुसतं बघत राहायचं आणि गरज असेल तेवढंच करायचं. हे तू आधी सांगितलं असतंस तर पुदिना वाचला असता. हो, पुदिना गेला. शेवंतीही. टाचणीबाईंनी त्यांच्याकडचा पुदिना काढून दिलाय, तो लागला आहे. जास्वंद ठणठणीत आहे, दोन कळ्या आहेत.

पुस्तकांचं ऐक. मी आधी शेवटचं पान वाचतो. हसू नकोस. पाळीवर गेलं की नोंदवहीत शेवटची नोंद आधी बघायची असते, म्हणजे भट्टी कुठल्या अवस्थेत हातात मिळतेय ते कळतं. त्याशिवाय मला पहिलं पान उघडवत नाही. ती दीपगृहावर राहणाऱ्या बहीणभावांची जाडजूड कादंबरी आहे ना, तिच्या शेवटी बहीण होडीत बसून निघून जाते. हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक झालं. मग पुढचे आठ-दहा दिवस ती भावाला जेवायला वाढते, त्याचे मोजे विणते, आणि मी प्रत्येक पानावर त्या भावाला सांगतोय की अरे गाढवा, बघ तिच्याकडे. पण तो दिव्याच्या काचा पुसण्यात गर्क. मला आयुष्यात कुठल्या माणसाचा इतका राग आला नव्हता. एक दिवस चहा गॅसवर तसाच उकळून गेला. पुस्तकात इतकं बुडायला होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक, घराची डागडुजी काढली आहे. तू नसताना काय काय बिघडून बसलंय बघ. दाराची बेल नुसती फडफडायची. उघडून बघितली तर कुण्या मूर्खाने आत टोल्याभोवती कापूस कोंबलेला. तो काढला, आता अशी खणखणीत वाजते की पहिल्यांदा वाजली तेव्हा मीच दचकून उभा राहिलो. खुर्च्यांच्या पायांना खालून जाड कापडाचे तुकडे चिकटवलेले होते, ते मळून काळे झाले होते, खरवडून काढले. मोरीच्या नळाला एक दोरा बांधून थेट बादलीत सोडलेला होता. तो कापला आणि नळाला नवा वायसर बसवला. पातेल्यांच्या झाकणांना रबर लावलेलं होतं, ते काय म्हणून, देव जाणे. तेही काढलं.

आता घर कसं घरासारखं वाटतं. तू आलीस की बघशीलच. घाई नाही.

१४ मार्च

तुझं पत्र कालच आलं. उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

कापूस तू कोंबला होतास.

तू रागावून लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू नळवाल्याबद्दल लिहावं तितक्या सरळ लिहिलंस. बेल वाजली की मी दचकून उठायचो आणि मग दिवसभर झोप लागायची नाही, म्हणून कापूस. फडफड स्वयंपाकघरात तुला ऐकू यायची तेवढी पुरत होती. खुर्च्या सरकल्या की आवाज व्हायचा म्हणून कापड. थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून दोरा, थेंब दोऱ्यावरून उतरतो. झाकणांचंही तेच. लेक लहान होती तेव्हा तुम्ही दोघी बोटांनी बोलायचात, हे मला माहीत होतं. मला वाटायचं तो तुमचा खेळ आहे.

आणि गेल्या पत्राच्या समासात मी सहज विचारलं होतं की तुला झाडांचा आणि वाचनाचा नाद कुठून लागला, तुझ्या माहेरी तर सगळे गाणारे. त्यावर तू लिहिलंस, ‘या दोन गोष्टींना आवाज नसतो म्हणून.’

मी ते वाक्य घेऊन सज्जात जाऊन बसलो. दुपारची वेळ होती. ही इमारत दुपारी किती बोलते. वरच्या मजल्यावर कुणीतरी पेटीचे सूर शिकतंय, टाचणीबाईंचं मशीन चालू, कुठेतरी दोन जावा भांडतायत, भांडी घासली जातायत. सगळीकडे आवाज आणि मधोमध आपलं घर, त्यात तू हातात पुस्तक घेऊन, श्वाससुद्धा जपून घेत. मी आत घोरत पडलेला.

मी काय करू, सांग. कापूस परत घालायला घेतला होता. मग लक्षात आलं की आता झोपणाराही नाही आणि जपणारीही नाही. तो तसाच टेबलावर पडलाय.

तिथल्या मुलांच्या वाचनालयात तू गोष्टी वाचून दाखवायला जातेस हे वाचून आनंद झाला. पाच-पंचवीस पोरं मांडी घालून बसतात आणि तू राक्षसाचा आवाज काढतेस म्हणे. लेकीने फोनवर सांगितलं, “बाबा, आईचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो.” मी विचारलं, “कसा आहे आवाज?” ती म्हणाली, “म्हणजे काय? आईचा आवाज तुम्हाला माहीत नाही?” मी विषय बदलला.

जास्वंद फुलली आहे. लाल, मधे पिवळी दांडी. सज्जात मी दुसरी खुर्ची नेऊन ठेवली आहे. पाय वर ठेवायला.

२ एप्रिल

आज फक्त चांगलं लिहायचं ठरवलंय.

टोमॅटो लागले. पहिला पिकला तो टाचणीबाईंना दिला. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून खाल्ला आणि म्हणाल्या, “तुमच्या हाताला गुण आहे हो.” मिरच्या इतक्या आल्या आहेत की जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात कोंबतोय. गुलाबाची छाटणी केली. आधी पट्टी लावून सगळ्या फांद्या एका उंचीला आणल्या होत्या, टाचणीबाईंना ते बघून ठसका लागला. पण गुलाबाने मनावर घेतलेलं दिसत नाही, सगळीकडून फुटलाय. लिंबाच्या पानावर अळी दिसली. तिला पानासकट काढून वाटीत ठेवली, पुस्तकात बघून ठरवलं की ती फुलपाखरू होणार, आणि रोज तिला ताजं पान देतो. माझ्यासारख्या माणसाने अळी पाळावी यावर कारखान्यात कुणी विश्वास ठेवणार नाही.

सकाळी झाडं, मग चहा, मग वाचन. ऊन सज्जाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातं तशी मी खुर्ची सरकवत नेतो. वरची फळी संपली. मधल्या फळीवर तुझ्या प्रवासाच्या पुस्तकांचा साठा निघाला. तुला वाळवंट बघायचं होतं का? कधी बोलली नाहीस. की बोलली होतीस आणि मी झोपलो होतो?

असो. सांगायचं काय, की मला हे आवडतंय. अगदी मनापासून. एखाद्या दुपारी पान उलटताना वाटतं, आत्ता कुणी विचारलं कसा आहेस, तर मी म्हणेन सुखात आहे. आणि लगेच बाजूला बघतो.

तू दर पत्रात विचारतेस की जेवणाचं काय. मी करतो. भात चिकट होत नाही आता. कपडे धुतो, इस्त्री करतो, गॅसवाल्याशी भांडतो. मला आता सगळं जमतं. तू माझी तिळमात्र काळजी करू नकोस, अगदी निर्धास्त राहा.

नातीचा वाढदिवस झाला की मग तू, नाही, तुझं तू ठरव. जास्वंदीवर पाच फुलं आहेत.

१९ एप्रिल

तुझं लांब पत्र आलं. इतकं लांब तू कधी लिहिलं नाहीस, म्हणून पाकीट जड लागलं तेव्हाच आनंद झाला. सवयीने शेवटची ओळ आधी वाचली. ‘किती दिवसांनी माझ्या मनावरचं ओझं उतरलं.’ मी पत्र तसंच मिटलं. चहा केला, दुसऱ्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, खुर्ची पुसली. वाटलं, येतेय.

मग वरून वाचायला घेतलं.

वाचनालयाने तुला कायमचं यायला सांगितलंय. त्यांनी दिवाळीनंतर लगेचच विचारलं होतं आणि तू इतके महिने हो म्हणत नव्हतीस, कारण मी एकटा कसा राहीन, खाईन काय, झाडं मरतील, हा घोर होता. आणि माझी पत्रं वाचून तो गेला. तू लिहिलंस, ‘तुम्हाला सगळं जमतंय, एवढंच नाही तर तुम्ही आनंदात आहात, हे वाचून मी ढसाढसा रडले. आता मला तिकडे ओढून नेणारं काही राहिलं नाही. मे महिन्यात त्यांना हो सांगणार आहे. तुमची हरकत नसेल तर.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रत्येक फूल मी तू यावंस म्हणून लिहिलं होतं. बघ, घर कसं छान झालंय, ये. बघ, मी कसा सुधारलोय, ये. आणि तू ते जसं लिहिलं होतं तसंच वाचलंस. तुझं काही चुकलं नाही.

लेकीला फोन केला. म्हटलं, “आईला जरा समजाव.”

ती म्हणाली, “काय समजावू?”

“मला जमत नाही म्हणून सांग.”

“बाबा, तुम्हीच लिहिलंत ना सगळं जमतं म्हणून? आईने मला वाचून दाखवलं. मोठ्याने. अळीचं तर दोनदा.”

“लिहिलं.”

“मग?”

“अगं, तसं लिहायचं असतं.”

ती तुझ्यासारखंच हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ती इथे गाणं म्हणते आंघोळ करताना. मी तिला कशी सांगू परत जा म्हणून?”

मी म्हटलं, नको सांगूस. नातीच्या दातांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तू हरकत विचारलीस. हरकत आहे. कारण सांगता येत नाही. तुझ्याशिवाय माझं अडतं असं म्हणावं तर अडत नाही, हे मीच पानंच्या पानं भरून सिद्ध करून ठेवलंय.

६ मे

हे फक्त तुला सांगतोय. लेकीला वाचून दाखवू नकोस.

तुझ्या त्या पत्रानंतर मी जास्वंदीचं पाणी बंद केलं. फक्त तिचं. दर पत्रात तू तिचीच चौकशी आधी करतेस म्हणून. मला खोटं लिहिता येत नाही. भट्टीच्या वहीत कधी खोटा आकडा टाकला नाही, तुला कुठून टाकणार. म्हणून ठरवलं की खरंच होऊ द्यायचं. ती सुकली की मला लिहिता येईल, जास्वंद गेली, मला जमत नाही, ये.

बाकीच्या कुंड्यांना पाणी घालताना तिच्यावरून झारी उचलून पुढे न्यायची. ऊन तर असं आहे की सज्जाच्या कठड्याला हात लावून घेत नाही. पहिले एक-दोन दिवस तिने दाद दिली नाही. मग पानं खाली झुकली, कळ्या न उमलताच गळायला लागल्या. टाचणीबाई खालून ओरडल्या, “अहो, जास्वंदीकडे बघा, माना टाकल्यात तिने.” मी म्हटलं, “बघतोय.” आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसलो. एकच पान वाचत राहिलो.

दुपारी कागद काढला. ‘तुझी जास्वंद’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं, कारण ती अजून गेली नव्हती. म्हणून तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. कधी जाते याची वाट बघत. आयुष्यभर कामावर काही बिघडतंय असं दिसलं की धावत सुटायचो. बिघडावं म्हणून बसून राहण्याची ही पहिलीच वेळ. मला ते जमेना. पानाला हात लावला तर ते चिंधीसारखं मऊ लागलं. मी उठलो आणि झारी भरली. एकदम ओतली नाही, मातीला तडे गेले होते, म्हणून थोडं थोडं मुरू दिलं. तू सांगितलं होतंस तसं.

सकाळी तिने पानं उचलली होती. खालची काही गळाली. बरेच दिवस फूल येणार नाही, त्याबद्दल मला माफ कर.

ती मेली असती तर तू आली असतीस. मला ते पक्कं माहीत आहे. पिशवी खाली ठेवून आधी कुंडीपाशी गेली असतीस. मला काही बोलली नसतीस. मग ओट्यावर चहा टाकला असतास आणि पुन्हा हळू बोलायला लागली असतीस.

मला तू इथे हवी आहेस. हे मी आजवर एकाही चिठ्ठीत लिहिलं नाही. डबा ओट्यावर ठेवलाय, त्याच्या शेजारी ते कसं दिसलं असतं. आज लिहिलं आणि त्यावर काही करू नकोस असंही लिहितो. वाचनालयाला हो सांगून टाक. माझी हरकत आहे, ती असू दे, ती तिच्या जागी राहील.

विटांचं काम संपलं. येत्या सोमवारी भट्टी पेटवतायत आणि मला रात्रपाळीच दिली आहे. दिवसपाळी मागून बघितली. साहेब म्हणाले, “नवी भट्टी आहे, रात्री तुमच्याशिवाय कुणावर सोडू?” मला नाही म्हणता आलं नाही. सकाळी घरी आलो की आधी झाडांना पाणी घालेन, मग जमेल तेवढी पानं वाचेन. पडदे तुझे जाड आहेत, अंधार चांगला होतो. टाचणीबाईंना सांगून ठेवलंय की मशीन खुशाल चालवा.

मी इथे दिवसा झोपेन. तू तिथे मोठ्याने वाच.